वीतभर अंतरावरचा फ्यूज

ॲन आर्बर, मंगळवार रात्र

चि. निखिल,


‘मावशी, अर्ध्या तासात ट्रेलरचा मागचा कॅमेरा लागला!’ हे वाचून तुझं कौतुक वाटलं, आणि खालचा फोटो मोठा करून पाहिला तशी झोप उडाली. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट निघालेली ती बारीक लाल वायर, जोडावर गुंडाळलेली काळी टेप, आणि हातभर अंतरावर प्रोपेनच्या दोन टाक्या. मधे फ्यूज कुठे आहे रे? अण्णा असते तर तुला फोनवर उभा-आडवा घेतला असता. ते नाहीत, म्हणून मी रागावते.

कॅमेरा जेमतेम अर्धा अँपियर घेतो, त्याला कसला फ्यूज, असं तू लिहितोस. बाळा, फ्यूज कॅमेऱ्यासाठी नसतोच, तो वायरसाठी असतो. धक्के खात ती वायर पत्र्याच्या कडेला घासली, सोलली आणि चासीला टेकली, की कॅमेऱ्याचा हिशेबच संपला. मग बॅटरी अंगात असेल-नसेल तेवढा जोर त्या वायरीतून काढते, शेकडो अँपियर. अठरा गेजची वायर बघता बघता लाल होते आणि वरचं प्लास्टिक पेटतं. आणि फ्यूज लावायचा म्हणून मागे कॅमेऱ्यापाशी लावू नकोस. तसं केलंस तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर बिनराखणीची राहते. बॅटरीपासून वीतभर अंतरात बसव. तीन अँपियरचा पुष्कळ झाला.

तळेगावच्या घरातले चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आठवतात? ऐन गणपतीत दिवे गेले, की अप्पा स्टुलावर चढायचे आणि फ्यूजच्या तारेऐवजी वायरमधले तांब्याचे पदर पिळून बसवायचे. दिवे यायचे, सगळे खूश. पुढे माजघरात काय झालं ते ताईने तुला सांगितलं असेलच. त्या जळक्या भिंतीचा वास अजून माझ्या नाकात आहे. उभी हयात वायरिंग हार्नेसच्या कामात गेली म्हणून मला फ्यूजचं वेड लागलंय, असं तुझी श्रुती म्हणते. लागू दे.

खरं तर तुला बॅटरीकडे जायचंच कारण नव्हतं. मागच्या भिंतीवर, अगदी वर, दिव्यांच्या ओळीत प्लास्टिकचं एक झाकण आहे का बघ. बऱ्याच नव्या ट्रेलरांत कंपनीच तिथे कॅमेऱ्यासाठी वायर आणून ठेवते. ती पार्किंग लाइटवर चालते, म्हणजे ट्रकचे दिवे लावलेस तरच चित्र दिसेल. मग दिवसाही दिवे लावून चालव, बिघडतं काय? रिव्हर्सच्या दिव्यावर मात्र जोडू नकोस. सात पिनांच्या प्लगमधली मधली पिन रिव्हर्सची खरी, पण पुष्कळ ट्रेलरांत ती पुढे कुठे जोडलेलीच नसते. जोडलेली असली तरी हायवेवर मागचं काही दिसणार नाही. काही नव्या ट्रकांत पार्किंग लाइटचा करंट सलग न येता तुटक येतो आणि चित्र लुकलुकतं. तसं झालं तर ट्रेलरच्या आतल्या फ्यूजच्या पेटीत रिकामी जागा शोध आणि तिथून स्वतंत्र वायर काढ, मधे बटण ठेवून.

वायरीच्या रंगावर विसंबू नकोस, हे शंभरदा सांगेन. काळी म्हणजे निगेटिव्ह, हे आपल्या हातात भिनलेलं आहे. ट्रेलरच्या प्लगला काळी ही बॅटरीची पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. तपकिरीचं तर विचारूच नकोस: साध्या सामानाच्या ट्रेलरला ती पार्किंगची, आणि तुझ्यासारख्या राहायच्या ट्रेलरला बहुधा उजव्या इंडिकेटरची. मल्टिमीटर लावायचा, मगच कापायचं. निळीला हात लावायचा नाही, ती ब्रेकची. आणि पुढच्या दांड्यावरच्या ब्रेकअवे स्विचच्या वायरीला तर नाहीच नाही. चालत्या रस्त्यावर ट्रेलर ट्रकपासून सुटला, तर त्याचे ब्रेक लावायला तेवढा एक स्विच उरतो.

ती टेप आधी सोडव. उन्हात तिचा चिकटा वितळतो आणि पावसात पाणी आत शिरतं. आतून गोंद असलेले हीटश्रिंकचे जोड आण, क्रिंपरने दाब, ओढून बघ, मग गरम कर. कॅमेऱ्याच्या भोकाभोवती ब्यूटिल टेप लाव, नाहीतर भिंत आतून कुजेल आणि तुला कळायचंही नाही.

आता जे लिहायला बसले होते ते. ‘कॅमेरा आहे, आता श्रुतीला मागे उभं राहायला नको’ हे तुझं वाक्य मला मुळीच आवडलं नाही. अमेरिकेत २००८ साली कायदा झाला आणि १ मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, तो कशामुळे? आपल्याच घराच्या ड्राइव्हवेत, आपल्याच माणसांच्या चाकाखाली लेकरं गेली म्हणून. दोन वर्षांच्या एका मुलाचं नाव आहे त्या कायद्याला. गाडीच्या मागचा दहा फूट रुंद, वीस फूट लांब पट्टा पडद्यावर दिसलाच पाहिजे, असा नियम आहे. ट्रेलरला तो लागू नाही. तुझा कॅमेरा छताशी आहे. त्याला दूरचं छान दिसेल, पण बंपरला चिकटून बसलेला तुझा अबीर दिसेलच याची खात्री कर. आणि ट्रेलर वळताना त्याच्या कुशीत काय आहे, ते त्या कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही.

म्हणून मुलांना आधी आत बसवून पट्टे लाव. श्रुतीला मागे, ड्रायव्हरच्या बाजूला, तुझ्या आरशात दिसेल अशी उभी कर. ती दिसेनाशी झाली की त्या क्षणी थांब, खाली उतर, बघून ये. मागे कोण हॉर्न वाजवतंय तिकडे लक्ष देऊ नकोस.

ताईला मी अजून काही बोललेले नाही. शुक्रवारी रात्री मोॲबला निघणार म्हणतोस. ती लाल वायर त्याआधी बॅटरीवरून काढ, नाहीतर तिला सांगेन. आणि मोॲबला उतरलास की कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
मावशी