अंबाडी म्हणा, पुंडी म्हणा

खानापूरच्या बाजूने बेळगाव ओलांडून बैलहोंगल-सौंदत्तीकडे निघाले की जमिनीचा रंग बदलत जातो. भातखाचरे आणि तांबडी माती मागे पडते, काळी राने सुरू होतात आणि ताटात भाताच्या जागी ज्वारीची भाकरी येते. पावसाळा सरला की या रानांच्या बांधावर, मध्यभागी गडद डोळा असलेली फिकट पिवळी फुले दिसू लागतात. मराठी घर त्या झाडाला अंबाडी म्हणते, कन्नड घर पुंडी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात एकाच चुलीवर दोन्ही नावे नांदतात. डाळ-कण्या घालून, वर लसणीची फोडणी दिलेली ही भाजी भाकरीबरोबर कुणाला नको असते? गोव्याच्या पाहुण्यांना सांगताना मात्र जपावे. त्यांचे आंबाडे म्हणजे मोठ्या झाडाचे आंबट फळ; या रोपाशी त्याचे नाते नाही.

अंबाडी या नावाखाली खरे तर जास्वंदीच्या कुळातली दोन भावंडे येतात. एकीची ख्याती वाखासाठी. तिची खोडे पाण्यात कुजवून वाख काढायचा, त्याचे दोर आणि दावी वळायची. दुसरी लाल अंबाडी. तिचे फूल गळाले की खालचा निदलपुंज फुगून मांसल, लालभडक होतो. बियांचे बोंड त्याच्या आत असते. शेतात नायलॉनचा दोर आला आणि बांधावर अंबाडी पेरण्याचे एक मोठे कारण संपले. आता ही ओळ टिकली तर स्वयंपाकघराच्या जोरावरच टिकेल. पाल्याला गिऱ्हाईक आहे. लाल बोंडांकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

इतरांचे गेले आहे. विदर्भात बोंडांचे सरबत आणि चटणी करतात. इजिप्त-सुदानमध्ये हेच पेय ‘करकडे’ म्हणून गरम आणि थंडही पितात. सेनेगलमध्ये ते ‘बिसाप’ होते, तर जमैकात आले घालून नाताळात हमखास केले जाते.

आता पोषणाचे पाहू. १०० ग्रॅम ताज्या पाकळ्यांत सुमारे ८६ ग्रॅम पाणी, ११ ग्रॅम कर्बोदके, २१५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि दीड मिलिग्रॅम लोह असते. क जीवनसत्त्व १२ मिलिग्रॅमच. तिथे पेरू कितीतरी पुढे आहे. लाल रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा, आंबटपणा सायट्रिक, मॅलिक अशा आम्लांचा. पण हे आकडे पाकळ्या खाल्ल्या तर! गाळलेल्या सरबतात रंग आणि आंबटपणा उतरतो, चोथ्याबरोबर बरेच काही टाकले जाते. म्हणून चोथा फेकू नये, मिरची-गूळ घालून चटणी वाटावी. पेक्टिन भरपूर असल्याने जॅमही आपोआप घट्ट होतो.

रक्तदाबाविषयी बरेच बोलले जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप हे पेय दिले, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला. अभ्यास लहान होता, आणि पेय म्हणजे गोळी नव्हे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

कृती सोपी आहे. बोंड काढून पाकळ्या धुवाव्यात, पाण्यात दहा मिनिटे मंद उकळाव्यात, गाळून गूळ, जिरेपूड व चिमूटभर मीठ घालावे. भांडे स्टीलचे घ्यावे. बिनकल्हईच्या पितळेत किंवा अॅल्युमिनियममध्ये आंबट पदार्थ उकळू नये.

यंदा थंडीत बाजारात गेलात की पालेवाल्या मावशींकडे लाल अंबाडीची बोंडे मागा, शेजारच्या अक्कांकडे केंपु पुंडी. दोन-तीन आठवडे मागणी झाली, तर चौथ्या आठवड्याला त्या टोपलीतून घेऊन येतील, आणि पुढच्या पावसाळ्यात बांधावर एक ओळ जास्त पेरली जाईल.