गावाचा वाटा

शनिवार, ४ ऑक्टोबर, शिकागो
दुपारी मुलींना घेऊन जॅक्सन पार्कमधल्या विज्ञान संग्रहालयात गेलो. ज्यांच्या पैशांतून ते उभं राहिलं, त्या ज्युलिअस रोझेनवाल्डांचं नाव दारावर नाही. ‘सिअर्स, रोबक’ या अवाढव्य विक्री कंपनीचे ते प्रमुख. म्युनिकच्या संग्रहालयात त्यांचा लहान मुलगा यंत्रं स्वतः चालवून पाहण्यात रमला, तेव्हा शिकागोच्या मुलांनाही असं काही मिळावं हे त्यांच्या मनाने घेतलं. १९२६ मध्ये त्यांनी ३० लाख डॉलर देऊ केले. आपल्या नावाची पाटी मात्र नको म्हणाले. १९३३ मध्ये संग्रहालय उघडलं तेव्हा ते हयात नव्हते.

सोमवार, ६ ऑक्टोबर
रात्री त्यांच्याविषयी वाचत बसलो. जन्म १८६२ चा, स्प्रिंगफील्डचा. वडील जर्मनीतून आलेले ज्यू कापडव्यापारी. १८९५ मध्ये सिअर्समध्ये भागीदारी, १९०८ मध्ये अध्यक्षपद. १९२१ च्या मंदीत कंपनी बुडायला आली, तेव्हा त्यांनी स्वतःची मालमत्ता पणाला लावून ती तारली.
कंपनीचा जाडजूड कॅटलॉग टपालाने खेड्यापाड्यांत जायचा. दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्याला त्याचं मोल वेगळंच होतं. गावच्या दुकानात गोऱ्या गिऱ्हाइकांचं उरकेपर्यंत तिष्ठायचं, वर दुकानदार देईल तो माल आणि लावील तो भाव. टपालाने मागवलं की तो अपमान टळायचा.

बुधवार, ८ ऑक्टोबर
आज शाळांचं प्रकरण वाचलं. काळ्यांसाठीच्या टस्कीगी शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन त्यांना १९११ मध्ये भेटले. पुढच्या वर्षी पन्नाशीनिमित्त रोझेनवाल्डांनी टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. त्यातून थोडे उरले, ते अलाबामात सहा खेडेगावी शाळा बांधायला वापरू द्या, असं वॉशिंग्टन यांनी सुचवलं. तिथून काम वाढत गेलं आणि १९३२ पर्यंत १५ राज्यांत काळ्या मुलांसाठी जवळजवळ ५,००० शाळा झाल्या.
गावाने आपला वाटा उचलायचा आणि शाळा सरकारी शिक्षणमंडळाने चालवायची, अशी अट होती. रोझेनवाल्डांकडून आले सुमारे ४३ लाख डॉलर, काळ्या गावकऱ्यांकडून ४७ लाख! ही माणसं कर भरतच होती. त्या करातून त्यांच्या मुलांना धड शाळा मिळत नव्हती, म्हणून त्यांनी पुन्हा खिशात हात घातला. कुणी कपाशीच्या शेताचा तुकडा शाळेच्या नावाने राखला, कुणी लाकूड तोडून दिलं, बायकांनी जेवणं रांधून विकली. अलाबामातल्या एका सभेत, गुलामगिरी भोगलेल्या एका म्हाताऱ्याने कळकट पिशवी काढून टेबलावर रिकामी केली. आयुष्यभराची पुंजी होती ती. नातवंडांच्या मुलांना तरी संधी मिळावी, एवढंच त्याचं म्हणणं.
इमारतींचे नकाशेही किती विचाराने केलेले! उंच खिडक्यांची रांग पूर्वेला किंवा पश्चिमेला, आणि बाकं अशी मांडायची की उजेड मुलांच्या डावीकडून यावा, लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडू नये. अनेक गावांत वीज नव्हती.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
दुसरी बाजूही लिहून ठेवतो. १९१३ मध्ये वेश्याव्यवसायाची चौकशी करणाऱ्या इलिनॉयच्या सिनेट समितीने रोझेनवाल्डांना विचारलं, तुमच्याकडच्या मुलींना इतका कमी पगार का? कमी पगारामुळे मुली वाईट मार्गाला लागत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. हे उत्तर मला मुळीच पटलं नाही, आणि शाळांचं कौतुक करतानाही ते विसरायची माझी तयारी नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर
ब्राँझव्हिलमध्ये वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूवरची वायएमसीएची जुनी विटांची इमारत पाहिली. शहराने ७५,००० डॉलर जमवले तर २५,००० माझे, ही रोझेनवाल्डांची बोली, आणि त्यातून ती १९१३ मध्ये झाली. दक्षिणेतून आलेल्या काळ्यांना इथे निवारा मिळाला, कामाधंद्याची वाट मिळाली. १९१५ मध्ये कार्टर वुडसन यांनी काळ्यांच्या इतिहासाची संस्था इथेच स्थापन केली.

रविवार, १२ ऑक्टोबर
साताऱ्याकडच्या आमच्या गावी शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या आहेत, त्यासाठी सकाळी इथल्या मंडळींची बैठक झाली. बहुतेकांचं मत पडलं की सगळे पैसे आपणच पाठवू, गावाला कशाला त्रास? मी विरोध केला. ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, तिथल्या माणसांना नुसतं घेणारं का समजायचं? ज्याने शाळेसाठी चार दिवस माती वाहिली, तो उद्या मास्तर का आले नाहीत हे हक्काने विचारील. गरिबाकडून वर्गणीची सक्ती नको, त्याची मजुरी वाटा म्हणून धरावी.
दुसरा मुद्दा पैसे बँकेत ठेवून व्याजावर काम चालवण्याचा. कायमच्या निधीला रोझेनवाल्डांचा विरोध होता. मी स्थापलेला निधी माझ्या मृत्यूनंतर २५ वर्षांत संपवा, असं त्यांनी बजावलं होतं, आणि १९४८ मध्ये तो खरोखर बंद झाला. आज वर्गात बसलेल्या मुलांना खोली आज हवी.
वाद बराच झाला. शेवटी ठरलं: निम्मा खर्च आमचा, निम्मा गावाचा, श्रमदान धरून. देखभालीची जबाबदारी जिल्हा परिषदेने लेखी घ्यायची. गावी आप्पांना फोन करून कळवलं. ग्रामसभेचा ठराव हाती आला की पहिला हप्ता पाठवायचा.