न्यूयॉर्कचीं ‘जुनीं’ गाणीं

पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां एका उन्हाळ्यांत न्यू जर्सी राज्यांतील एडिसन येथें दीड महिना राहून आलों. तेथील ओक ट्री रोडवर एक मिठाईचें, एक साड्यांचें अशीं आपल्याकडील दुकानें इतकीं दाट लागलेलीं आहेत कीं, पहिले दोन दिवस आपण परमुलखांत आहों याची जाणीवच होत नाहीं. परमुलूख भेटला तो मोटारींत. एडिसनहून न्यूयॉर्क शहर तासाभराच्या वाटेवर आहे, आणि त्या वाटेवर पुतण्या जी नभोवाणी लावी, तिचीच हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

“काका, हें इथलें जुन्या गाण्यांचें केंद्र,” असें म्हणून त्यानें १०१.१ हा आंकडा लावला. जुनीं गाणीं म्हणतांच आमच्या मनांत रेडिओ सिलोनची सकाळ उभी राहिली: साडेसातला जुन्या चित्रपटांचें संगीत, आणि आठाला तीन मिनिटें उरलीं कीं सैगल. त्या स्वरावर घरांतील आंघोळी, मुलींच्या वेण्या आणि कचेरीचे डबे यांचें गणित चाले. प्रत्यक्षांत कानीं पडली ती मॅडोना! “हिचीं गाणीं जुनीं केव्हां झालीं रे?” असें सौभाग्यवतींनीं विचारलें. “काकू, ४० वर्षें झालीं,” पुतण्या म्हणाला.

केंद्राचें नांव डब्ल्यूसीबीएस-एफएम. त्याच्या लहरी एम्पायर स्टेट बिल्डिंग या उत्तुंग इमारतीच्या माथ्यावरून निघतात. जुलै १९७२ मध्यें त्यानें जुन्या गाण्यांचें व्रत घेतलें. तेव्हां जुनें म्हणजे एल्विस प्रेस्ली, किंवा गल्लीच्या कोपऱ्यावर उभीं राहून चार-पांच पोरें वाद्यांवांचून तोंडानेंच साथ धरीत गात, तें ‘डू-वॉप’. हीं गाणीं त्या वेळीं अवघीं १५-२० वर्षांचीं होतीं. ज्यांवर तीं मुलेंमुली शाळेंत असतां नाचलीं, तींच गाणीं आतां संसारांत पडल्यावर त्यांना हुरहूर लावीत होतीं. गोम येथेंच आहे. गाणें किती जुनें हें तेथें कोणी पाहत नाहीं. ऐकणाऱ्याचें वय काय, हें पाहतात.

केंद्राचा खर्च जाहिरातींवर चालतो, आणि जाहिरातदारांस हवा असतो २५ ते ५४ या वयाचा श्रोता. ५५ पुरीं झालीं कीं माणूस साबणाचा छाप बदलीत नाहीं, अशी त्यांची समजूत! आमच्या घरीं वडील मंडळींच्या संमतीवांचून चहाची पुडीहि बदलत नाहीं, हें त्यांना कोणी सांगावें? असो. श्रोता दरसाल एक वर्षानें वाढतो, वयाची ही चौकट मात्र जागची हलत नाहीं. म्हणून गाण्यांना पुढें सरकावें लागतें.

निवडीची रीतहि पाहण्यासारखी आहे. एखाद्या हॉटेलच्या दिवाणखान्यांत योग्य वयाचीं माणसें मोबदला देऊन बसवितात, आणि शेंकडों गाण्यांचे कांहीं सेकंदांचे ओळखीचे तुकडे एकामागून एक ऐकवितात. प्रत्येकानें गुण द्यावयाचे. ज्यास गुण कमी, तें गाणें बाद. शिवाय कांहीं निवडक लोक कमरेस एक लहानसें यंत्र अडकवून हिंडतात. नभोवाणींतून कानास न कळणारी एक खूण पाठविलेली असते, ती हें यंत्र टिपतें, व कोणीं कोणतें केंद्र किती मिनिटें ऐकलें याची नोंद होते. म्हाताऱ्यांचीहि नोंद होते. पण जाहिरातीचा भाव ठरवितांना ती फारशी जमेस धरीत नाहींत.

३ जून २००५ रोजीं तर या केंद्रानें जुनीं गाणीं एका सायंकाळीं सबंधच सोडलीं आणि ‘जॅक’ नांवाचा निराळाच कार्यक्रम धरिला. शहरांत ओरड झाली, श्रोते घटले, आणि १२ जुलै २००७ रोजीं जुनीं गाणीं परत आणावीं लागलीं. परंतु परत आलीं तीं तींच नव्हतीं. एल्विसच्या उमेदीच्या काळचीं बहुतेक गाळलेलीं होतीं. पुढें बीटल्सच्या वेळचींहि विरळ झालीं, १९८० नंतरचीं मध्यभागीं बसलीं, आणि आतां १९९० नंतरचींहि आंत आलीं आहेत. ‘ओल्डीज’ हा शब्दहि मागें पडून ‘क्लासिक हिट्स’ असें सौम्य नांव रूढ झालें. म्हातारपणाची आठवण नको!

पुतण्याच्या शेजारीं ब्रुकलिनमध्यें वाढलेले एक ८२ वर्षांचे गृहस्थ राहत. पत्नी वारल्यापासून एकटेच. सौभाग्यवतींनीं चिवडा नेऊन दिला, त्यावरून ओळख झाली. त्यांच्या मोटारींत नभोवाणी बंदच असे. कारण विचारतां ते म्हणाले, “कोणी सांगून नेत नाहीं हो. एके दिवशीं लक्षांत येतें कीं, अमुक एक गाणें बरेच दिवसांत लागलें नाहीं. मग दुसरें. आपणच तें कधीं ऐकलें होतें ना, असा संशय येऊं लागतो.” त्यांच्या लग्नांत ज्या गाण्यावर तीं दोघें नाचलीं, तें शेवटचें केव्हां लागलें हें त्यांना आठवेना. तबकडी घरांत होती. पण “ती मीच लावायची, आणि मीच ऐकायची,” असें म्हणून त्यांनीं हात झटकला. आम्हांला तें पटलें. अवचित लागणें, आणि त्याच क्षणीं दुसऱ्या कोणाच्या तरी घरींहि तें ऐकलें जात आहे असें वाटणें, हा नभोवाणीचा अर्धा आनंद आहे.

शनिवारीं सायंकाळीं मात्र ते ओटीवर जुना संच घेऊन बसत. १९६१ पासून १९७४ पर्यंत डब्ल्यूएबीसी केंद्रावर गाजलेले निवेदक ‘कझिन ब्रूसी’, म्हणजे ब्रूस मॉरो, २०२० सालीं त्याच केंद्रावर शनिवारच्या कार्यक्रमास परतले होते. त्यांचीं गाणीं तेव्हांचीं. गृहस्थांचीं बोटें खुर्चीच्या हातावर ताल धरीत. आम्हीहि दोन शनिवार तेथें बसलों. सैगलची गोष्ट आम्हीं त्यांना सांगितली: १९४७ सालीं गायक गेला, आणि पुढें कित्येक दशकें रोज सकाळीं त्याचें एक गाणें ठरल्या वेळीं लागत राहिलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्याचे पैसे कोण देई?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

परतीच्या दिवशीं विमानतळाच्या वाटेवर पुतण्यानें पुन्हां तेंच १०१.१ लावलें. तो नुकता शिकावयास अमेरिकेंत आला होता, त्या दिवसांतलें कांहींतरी लागलें, आणि एरवीं गंभीर असणारा तो मोटारीच्या चाकावर ताल धरून मोठ्यानें गाऊं लागला.

“येत्या श्रावणांत तुला किती पुरीं होतील रे?” सौभाग्यवतींनीं विचारलें.

“५५, काकू,” तो म्हणाला, आणि त्यानें आवाज थोडा वाढविला.