तेल कोणाच्या मस्तकी?

ख्रिस्ती उपासनेतल्या पवित्र तेलाचा अर्थ सांगताना बहुतेक जण त्याच्या गुणांपासून सुरुवात करतात. तेल पोसते, जखम शमवते, दिवा तेवत ठेवते, म्हणून ते पवित्र आत्म्याचे प्रतीक. हे खरे असले, तरी अपुरे आहे. उपासनाविधींच्या अभ्यासात मला याहून मोलाचा प्रश्न वाटतो तो हा, की तेल कोणाला लावतात? या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके बदलत आले आहे, आणि तेलाचा खरा अर्थ त्या बदलातूनच उलगडतो.

जुन्या करारातील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची कृती आहे. त्यात दालचिनी, तज अशी सुगंधी द्रव्ये, एकट्या गंधरसाचे 500 शेकेल आणि एक हिन जैतुनाचे तेल सांगितले आहे. लगेच पुढे सक्त ताकीद आहे. हे तेल सामान्य माणसाच्या अंगावर ओतायचे नाही, आणि तसे तेल कोणी स्वतः बनवले तर त्याला समाजातून तोडावे. ते होते याजक अहरोन आणि त्याच्या मुलांसाठी, वेदीसाठी, कराराच्या कोशासाठी. पुढे शौल आणि दावीद या राजांच्या मस्तकीही तेल आले. म्हणजे तेल निवडक माणसाला इतरांपासून वेगळे करीत होते. आज पवित्र सप्ताहात, बहुधा गुरुवारी, कॅथलिक बिशप जैतुनाच्या तेलात सुगंधी द्रव्य मिसळून ‘क्रिझम’ सिद्ध करतात आणि ते धर्मप्रांतातल्या सर्व चर्चमध्ये पोहोचते. नव्या बिशपच्या मस्तकाला, नव्या धर्मगुरूच्या तळहातांना, चर्चच्या वेदीला जे तेल लावतात, तेच बाप्तिस्म्यानंतर तान्ह्या बाळाच्या टाळूला लावतात. याजक, संदेष्टा आणि राजा अशा ख्रिस्ताशी ते बाळ जोडले गेले, असे त्या वेळी जाहीर होते. राजवाड्यात जन्मलेले मूल असो की वसईच्या कोळीवाड्यातले, तेलात फरक नसतो. जे एकाला वेगळे काढत होते, तेच आता सर्वांना एका प्रतिष्ठेत घेते.

यावर इतिहासाचा दाखला देऊन कोणी म्हणेल, की तेलाने सत्ताच जोपासली. फ्रान्सचे राजे रॅन्सच्या कॅथीड्रलमध्ये स्वर्गातून आल्याचे मानलेल्या कुपीतल्या तेलाने अभिषिक्त होत, आणि म्हणूनच क्रांतिकारकांनी 1793 मध्ये ती कुपी भर चौकात फोडली. आक्षेप रास्त आहे. पण सिंहासनाला दैवी हक्क देणारे तेल बाप्तिस्म्याच्या तेलाशी विसंगत होते. राजाच्या कपाळावर जे शोभत होते, ते त्याच्या प्रजेच्या मस्तकी आधीच लागलेले होते. दुसरा आक्षेप मार्टिन ल्यूथरचा, 1520 सालचा. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असे आहे, मरणाऱ्याला नव्हे; मग चर्चने या तेलाला केवळ मरणसमयीचा विधी का बनवले, आणि प्रेषिताच्या शब्दावर संस्कार उभा कसा राहील? दुसऱ्या मुद्द्यावर मतभेद कायम आहेत. पहिल्यात मात्र तथ्य होते. मध्ययुगात हे तेल मृत्युशय्येपुरते आकसले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये स्पष्ट केले, की हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नाही. परिघ पुन्हा रुंदावला, आणि दुबळे, आजारी शरीरही अभिषेकाला पात्र ठरले.

तिसरा आक्षेप सूक्ष्म आहे. आजाऱ्यांसाठी जैतुनाऐवजी दुसरे वनस्पतिजन्य तेल चालेल, अशी मुभा पोप पॉल सहावे यांनी 1972 मध्ये दिली. कोणतेही तेल चालत असेल, तर तेल हवेच कशाला, नुसती प्रार्थना पुरे नाही का? माझ्या मते ही मुभाच आक्षेपाचे उत्तर आहे. सामर्थ्य द्रव्यात असते, तर ते बदलता आले नसते. द्रव्य बदलते, पण स्पर्श बदलत नाही, कारण देवाची कृपा माणसाच्या देहाला वगळून येत नाही, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. म्हणूनच ‘चमत्कारी’ तेलाच्या बाटल्या विकणे मला गैर वाटते. तिथे तेल पुन्हा पैसे मोजणाऱ्याची मालमत्ता होते, आणि ‘निर्गम’मधली जुनी मनाई आजही अर्थपूर्ण ठरते. पवित्र तेल कोणी स्वतःसाठी बनवायचे नसते. ते मंडळीकडून मिळते, आणि ज्याला मिळते त्याच्यावर इतरांच्या सेवेची जबाबदारी टाकते.