ढील

माटुंग्याला पाच उद्यानांजवळच्या एका सोसायटीत पर्जन्यवृक्षाची वाकलेली फांदी उतरवायची होती. फांदीखाली पत्र्याची शेड, शेडखाली गाड्या. २५ वर्षं अशाच फांद्यांवर बसून करवत चालवलेला माणूस यंदा पहिल्यांदा दोर हातात घेऊन बुंध्याशी उभा होता. उजवा खांदा आता वर जात नाही, म्हणून वर त्याचा भाचा होता. तुकडा सुटला, दोराला ओढ बसली आणि वरून हाक आली, "मामा, सोडा! सोडा ना!" त्याच्या मुठी आवळलेल्याच राहिल्या. ओंडका झोका घेऊन खोडावर आदळला आणि भाच्यासकट सगळं झाड हादरलं.

"ढील दे!" आयुष्यभर हीच हाक त्याने वरून खाली मारली होती.

झाड उतरवण्याच्या धंद्यात हुद्दे दोनच, वरचा आणि खालचा. वरचा कापतो, खालचा सोडतो. बघणाऱ्याला वाटतं, खालचा ओझं धरतो. खरं तर ते खोड धरतं. दोराचा बुंध्याला वेढा घातला की घर्षणच बराचसा भार घेतं. या घर्षणाचं गणित अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने मांडलं. घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानंतर हाताला ओझ्याचा जेमतेम साडेसहावा हिस्सा लागतो. फूटभर जाड आणि तीन फूट लांब ओला ओंडका साठेक किलोचा भरतो, पण एका वेढ्यावर तो नऊ-दहा किलोंचाच जाणवतो. एवढं तर शाळकरी पोरगंही धरेल.

अवघड आहे ते थांबवणं. सुटलेला ओंडका जागीच अडवला तर दोराला त्याच्या वजनाच्या कित्येक पट झटका बसतो. वर दोर ज्या बेचक्यातून वळतो, तिथे दोन्ही बाजूंचा ताण एकवटतो, आणि त्याच झाडाला वरचा माणूस पट्ट्याने बांधलेला असतो. म्हणून ओंडक्याला आधी पळू द्यायचं आणि पळता पळता आवरायचं. किती पळू द्यायचं? कमी सोडला तर वरच्याला हादरा, जास्त सोडला तर शेडचा पत्रा फाटला. या प्रश्नापाशी तो हल्ली रोज रात्री येऊन थांबतो.

वीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या तळहातात होतं. तो म्हणजे याचा जोडीदार, आधी बंदरात मालाच्या यारीवर असलेला. तो 'ढील' म्हणत नसे, 'आरिया' म्हणे. हबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे खाली सोड. हा दुसरा शब्द खलाशांनी पोर्तुगीजांकडून उचललेला. जोडीदाराच्या पायात दोर कधी अडकला नाही. करवतीतलं पेट्रोल संपायच्या आत भरलेली दुसरी करवत दोराला बांधून तयार असे. गेल्या दिवाळीनंतर गुडघ्यांनी साथ सोडली आणि तो गावी परतला.

जोडीदार असेपर्यंत वरच्याला आपली उंचीच दिसत होती. श्रीवर्धनच्या वाडीत एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसरीवर झेपावत तो लहानाचा मोठा झालेला. मजुरी खालच्याच्या दीडपट घ्यायचा, आणि ती त्याला रास्त वाटायची. काम झालं की लोक वर बघून टाळ्या वाजवायचे, त्या तो एकटाच घ्यायचा. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळाने रायगडातल्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा दोघं मिळून गावाकडे तोडकामाला गेले. तिथे वर चढायला काही उरलंच नव्हतं. एकमेकांवर पडून ताणात अडकलेली खोडं कुठून कापली तर उसळतील, हे जोडीदार हात लावून सांगत होता. वरचा मुकाट्याने त्याने दाखवलेल्या जागी करवत धरत होता.

एक गोष्ट त्याने अजून घरीही सांगितलेली नाही. दादरला एका बंगल्यात घाईघाईने त्याने पाच फुटांऐवजी आठ फुटांचा तुकडा कापला. झोका वाढला आणि कौलं फुटली. मालक बाहेर आला तेव्हा त्याने वरूनच सांगून टाकलं, "खालच्याने सोडला नाही." जोडीदाराची त्या दिवसाची मजुरी कापली गेली. तो काही बोलला नाही. जेवणाच्या सुट्टीत नेहमीसारखी भाकरी मोडून त्याने अर्धी पुढे केली.

आता पावसाळ्याआधीच्या छाटणीला लिफ्टची गाडी येते. पुष्कळ टोळ्यांत दोरवाला नसतोच. रस्ता अडवायचा आणि फांद्या टाकत सुटायचं. मग सोयीचं पडेल तिथे कापतात, कुठे हातभर खुंट ठेवून, कुठे खोडाला घासून. फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा राखूनच काप घ्यावा, तरच जखम नीट झाकली जाते, हे अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं. पण खाली शेड असली की फांदी तुकड्यातुकड्याने उतरवून शेवटचा खुंट हलका केल्याशिवाय तो काप नीट येत नाही, आणि तुकडे उतरवायला खाली माणूस लागतो. बुंध्यालगत सोललेली साल दिसली की मामाला आजही राग येतो. असं झाड बघितलं की तो म्हणतो, इथे खाली कोणी नव्हतं.

माटुंग्याच्या त्या संध्याकाळी त्याने गावी फोन लावला. "तुला कसं कळायचं रे, कधी सोडायचं ते?"

पलीकडून थोडा वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज आला. "तुझी करवत सांगायची. लाकूड उकलायला लागलं की तिचा आवाज चढतो. मी वर बघतच नव्हतो."

म्हणजे 'ढील दे' ही हाक खाली पोचायची तेव्हा दोर आधीच सुटलेला असायचा. वीस वर्षं त्याला वाटत होतं की दोर आपल्या हुकमाने सुटतो.

आता रविवारी भाचा आंब्यावर चढून पाण्याने भरलेला हंडा सोडतो. मामाने तो जमिनीपासून हातभर वर आवरायचा, पाणी न हिंदकळता. पहिल्या दिवशी अर्धा हंडा सांडला. परवा चार बोटं पाणी गेलं. बेचक्यात दोर करकरतो, तो आवाज ओळखायला तो मान खाली घालून उभा राहतो. त्यानंतर गावी दोनदा फोन झाला. गुडघ्यांचं झालं, पावसाचं झालं. कौलांचं मात्र दोन्ही वेळा ओठांपर्यंत येऊन राहिलं.