जुळलेला आकडा

सर्फॅक्टंटच्या द्रावणाला अवस्था-समीकरण बसवायला घेतलं की सगळ्यांची नजर आधी सीएमसीवर जाते, म्हणजे ज्या संहतीपासून रेणू गोळा होऊन मायसेल बांधू लागतात तिच्यावर. सोडियम डोडेसिल सल्फेटसाठी ती २५ अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल. एखाददुसरा पॅरामीटर हलवला की हा आकडा मिळतो. माझ्या मते समीकरण जोखण्याची हीच सर्वांत दुबळी कसोटी आहे. या द्रावणाची सीएमसी तापमानाबरोबर फारशी हलत नाही. २५ अंशांच्या आसपास ती तळ गाठते आणि पुन्हा हळूहळू चढते. त्याच टापूत मायसेल बनण्याची एन्थाल्पी मात्र धनाची ऋण होते. एन्ट्रॉपीचा वाटाही तिच्यासोबत घसरतो, त्यामुळे मुक्त ऊर्जेत या उलथापालथीचा मागमूस राहत नाही. जमाखर्चात दोन चुकांनी एकमेकींना झाकावं आणि शिल्लक बरोबर निघावी, तसं दोन्ही राशी चुकलेलं समीकरणही सीएमसी बिनचूक सांगतं. कॅलरीमापीसमोर ते उघडं पडतं.

साफ्ट कुळातली समीकरणं रेणूला गोलांची साखळी मानतात आणि हायड्रोजन बंध वेगळे मोजतात. मायसेलला पुष्कळदा स्वतंत्र प्रावस्था समजून गणित सोडवलं जातं. पण या मायसेलात रेणू साठेक, आणि बारा कार्बनांची शेपटी पूर्ण ताणली तरी जेमतेम १.७ नॅनोमीटर. एवढ्याशा गोळ्याला पृष्ठभागापासून दूर असा गाभा कुठला? तरी आपण त्याला अखंड द्रवाचे नियम लावतो, आणि पृष्ठभागाची किंमत, डोक्यांमधलं विद्युत प्रतिकर्षण, हे सगळं पॅरामीटर मुकाट गिळतात.

डिटर्जंट बनवणाऱ्याला सीएमसीच हवी असते, असं कोणी म्हणेल. मग त्याला अवस्था-समीकरण नकोच. शेपटीत एक कार्बन वाढला की आयनिक सर्फॅक्टंटची सीएमसी साधारण निम्म्यावर येते, नॉनआयनिकची तिसऱ्या हिश्श्यावर. लॉगरिदमच्या कागदावरची सरळ रेघ पुरे. समीकरणाचा खटाटोप मोजमाप नसलेल्या तापमानासाठी, मिठासाठी, मिश्रणांसाठी करायचा. मग एन्थाल्पीही बसवणीत घ्या, असं सुचवलं जातं. ते मला अर्धंच पटतं, कारण बसवणीत वापरलेली मोजमापं पुढे साक्षीला उपयोगी पडत नाहीत. पॅरामीटर शक्यतो अल्केन, अल्कोहोल आणि पाण्याच्या साध्या मिश्रणांवरून काढावेत आणि ऑस्मोटिक गुणांकाला बसवणीत हातही लावू नये. सीएमसी ओलांडल्यावर नवे रेणू बहुतेक मायसेलांत शिरतात, स्वतंत्र कणांची संख्या फारशी वाढत नाही, म्हणून हा गुणांक झपाट्याने उतरतो. तो उतार समीकरणाने न सांगता काढून दाखवायला हवा.