लसीच्या तबेल्यातल्या घोड्यास



माझ्या धाकट्या भावाच्या अंगात तुझं रक्त गेलं, त्याला आता वर्ष होत आलं. रक्त म्हणजे रक्तातला तो पिवळसर, पाण्यासारखा भाग, आणि त्यातूनही निवडून, साफ करून, वाळवलेली पांढरी भुकटी. ती तुझ्या एकट्याची नव्हती. कितीतरी घोड्यांचं एकत्र करून बाटल्या भरतात, हे मला नंतर समजलं. तरी पत्र एकालाच लिहितोय. आमच्याकडे घरातल्या एकाला नमस्कार केला की तो साऱ्या घराला पोचतो.

घोड्याशी आमच्या घराचं नातं जुनं आहे. आबाजींचा टांगा होता. अकोला स्टेशनावर सवाऱ्या घ्यायच्या आणि मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात सोडायच्या, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. घोडी कुमैत रंगाची, नाव राणी. पहाटे आबाजी तिला खरारा करत आणि मी तोबऱ्यात भिजवलेला हरभरा भरून तयार ठेवी. तिच्या मानेवर खालच्या अंगाला एक खोलगट रेघ होती. तिथे अंगठा दाबला की वरच्या बाजूला बोटभर जाड शीर फुगून यायची. मी ते पुन्हापुन्हा करून पाही. आबाजी म्हणत, "इथं जनावराचा जीव रायते बाप्पा, हात जपून लाव."

त्याच शिरेतून तुझं रक्त काढतात.

गोष्ट मागच्या कार्तिकातली. पातूर रस्त्यावरच्या आमच्या गावात त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती. भाऊ हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेला. हातात बॅटरी, पायात स्लीपर. धुऱ्यावरच्या गवतात पाय पडला आणि कुकरची शिटी व्हावी तसा आवाज झाला म्हणे. काय आहे ते कळेपर्यंत डसली होती. पुस्तकात तिला घोणस म्हणतात, आमच्याकडे परड. "पायाले परड डसली," एवढंच तो फोनवर बोलला. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

त्यानंतर आम्ही काय केलं ते तुला सांगितलंच पाहिजे. पारावर दहा-बारा जण जमले. एकाने घोट्याच्या वर सुतळी करकचून आवळली. दुसरा शेजारच्या गावच्या मांत्रिकाला आणायला गाडी काढत होता. माय त्याला हात जोडत होती, लवकर जा म्हणून. मी शिकलेला माणूस. बांधू नये, कापू नये, पाय हलवू न देता थेट दवाखाना गाठावा, हे मला ठाऊक होतं. पण त्या घोळक्यात "आधी दवाखान्यात चला" हे शब्द माझ्या तोंडून निघायला अर्धा-पाऊण तास लागला. मग जवळच्या एका दवाखान्यात गेलो, तिथे सर्पदंशाची लस शिल्लक नव्हती. पुन्हा गाडी, पुन्हा रस्ता. अकोल्यात पोचलो तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. पोटरी टरटरून सुजली होती आणि भावाच्या हिरड्यांतून रक्त झिरपत होतं.

सिस्टरनं त्याचं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, नळी स्टँडमध्ये उभी केली आणि म्हणाली, "वीस मिनिटं कोणी हात लावू नका." त्या वॉर्डात भिंतीवर घड्याळ होतं. वीस मिनिटं मी आळीपाळीनं घड्याळाकडे आणि नळीकडे बघत राहिलो. मग तिनं नळी आडवी केली. चांगलं रक्त असतं तर कवडीच्या दह्यासारखं थिजून बसलं असतं. ते पाण्यासारखं वाहिलं.

मग तू आलास. दहा बाटल्या. प्रत्येकीच्या तळाशी चिमूट-दोन चिमूट पांढरी भुकटी. तीत पाणी सोडायचं आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून हातरवीसारखी हळूहळू फिरवायची. जोरात हलवली तर फेस येतो आणि औषध बिघडतं. दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय, तिघं त्या रात्री उभ्याउभ्या बाटल्या फिरवत होते. घाई तर प्रत्येकाला होती, पण हात एकाचाही घाईचा नव्हता. रिकामी बाटली मी उचलून पाहिली. लेबलवर कंपनीचं नाव, चार सापांची नावं आणि बारीक अक्षरात ‘इक्वाइन’ हा शब्द. म्हणजे घोड्याची. आबाजी जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी राणीच्या मानेवरची शीर माझ्या अंगठ्याखाली होती.

दहाच का, हे डॉक्टरांनी पहाटे समजावलं. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते. लसीचा एक मिलिलिटर तिचं 0.6 मिलिग्रॅम विष मारतो. दहा मिलिलिटरच्या दहा बाटल्या म्हणजे 60 मिलिग्रॅम. हिशेब इतका काठावरचा आहे. सहा तासांनी पुन्हा नळी लावली, रक्त अजून थिजत नव्हतं, म्हणून आणखी दहा दिल्या. मधे त्याच्या अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजून आली, तेव्हा अॅड्रेनॅलिन टोचून सांभाळलं. भाऊ वाचला. पण मूत्रपिंडांना मार बसला होता, चारदा डायलिसिस करावं लागलं. लस रक्तात फिरणारं विष पकडते. विषानं आधीच केलेली नासाडी तिला भरून काढता येत नाही. तुझ्याकडून जे मिळायचं ते पुरेपूर मिळालं. वाया गेले ते तीन तास आमचे होते.

त्यानंतर मी तुझ्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. तुला पहिल्यांदा विष टोचतात ते इतकं थोडं की त्यानं तू मरू नयेस. मग आठवड्यामागून आठवडे मात्रा वाढवत नेतात. तुझं शरीर त्या विषाला ओळखायला शिकतं, त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात तयार होतात. पुरेशी झाली की मानेतून रक्त काढायचं, त्यातला पिवळा भाग ठेवायचा आणि तांबड्या पेशी तुझ्या तुला परत द्यायच्या. पुढे कारखान्यात पेप्सिननं त्या प्रतिपिंडांचे तुकडे करतात, म्हणजे माणसाच्या अंगाला ती कमी बाधावीत. घोडाच का, तर तू अंगानं मोठा, तुझ्यात रक्त भरपूर, आणि माणसाच्या हाताला तू शांत उभा राहतोस. हे शेवटचं कारण वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

साप आणि घोडे एकाच कामासाठी पाळायची ही रीत 1890 च्या दशकातली. फ्रान्सच्या अल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर पहिली लस केली, तीही घोड्यांच्याच रक्तातून पुढे वाढली. आपल्या मराठी मुलखात या कामाचं घर म्हणजे मुंबईत परळची हाफकिन संस्था. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी लस शोधली, 10 जानेवारी 1897 ला ती स्वतःला टोचून घेतली, आणि 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. 1925 मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. त्याच वास्तूत पुढे नाग, मण्यार, घोणस, फुरसं पाळले गेले. त्यांचं विष काढून ते घोड्यांना टोचायचं, असं काम वर्षानुवर्षं चाललं. डॉ. पी. जे. देवरस तिथलेच, भारतातल्या सापांवरचं त्यांचं पुस्तक 1965 मध्ये आलं. 1975 मध्ये हाफकिनचं संशोधन आणि उत्पादन वेगळं झालं, आणि लसीचे घोडे म्हटलं की लोक पिंपरीच्या तबेल्याचं नाव घेऊ लागले. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्ममधले निवृत्त शर्यतीचे घोडेही हाफकिनला जात. त्यातूनच, आपणच लस का करू नये, हा विचार निघाला आणि 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. घोडे पैदा करणाऱ्या घराण्यातून जगभर लसी पाठवणारा कारखाना निघाला, त्याच्या मुळाशी तुझीच जात आहे.

सापाच्या बाजूनंही दोन शब्द. हल्ली आमच्याकडे साप पाळायची हौस आली आहे. गावातल्या एका पोरानं रील काढायला धामण महिनाभर माठात कोंडून ठेवली होती, ती उपाशी मेली. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं हे चालत नाही, आणि कायदा नसता तरी चालू नये. लसीसाठी साप ठेवायलाही सरकारची परवानगी लागते. चेन्नईजवळ वडनेम्मेलीला इरुळा समाजाची 1978 मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था हे काम करते. बिळाच्या तोंडावरची माती बघून आत कोणता साप आहे ते सांगणारी ही माणसं. पकडलेला साप तीन आठवडे मडक्यात ठेवतात, चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि रानात सोडून देतात. खूण असलेला साप पुन्हा सापडला, तर ती खूण नाहीशी होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत.

देशातल्या लसीचं बहुतेक विष तिथूनच येतं. आणि इथेच माझ्या मनात कालवाकालव होते. ब्राझीलच्या व्हिताल ब्राझील यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं की एका सापासाठी केलेली लस दुसऱ्या सापावर चालत नाही. आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलंय की एकाच जातीच्या सापाचं विषही मुलखागणिक बदलतं, आणि काही भागांतल्या विषावर आपली लस कमी पडते. म्हणजे तू ज्या विषाशी लढायला शिकतोस ते बहुधा तमिळनाडूतलं, आणि माझ्या भावाला डसली ती वऱ्हाडातली परड. तुला आमचं विष कधी कोणी दाखवलंच नसेल. इतकं सोसून तू जे तयार करतोस ते आमच्या मातीतल्या सापाला पुरतं पडतं का, हे तपासायला अकोला-अमरावतीत काय कमी आहे? अकोल्यात पशुवैद्यक शिकवणारी पदव्युत्तर संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, काठी घेऊन रात्री-अपरात्री मोटरसायकलीवर धावणारे सर्पमित्र प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी पकडलेले साप तसेच जंगलात सोडले जातात. सोडण्याआधी परवानगीनं त्यांचं विष काढून तपासणीला पाठवता येणार नाही का? मला हे अवघड वाटत नाही. कोणी मनावर घेतलेलं नाही, एवढंच.

तुझ्या हालांबद्दलही लिहिलं पाहिजे. देशातल्या अशा तबेल्यांची काही वर्षांपूर्वी तपासणी झाली तेव्हा अशक्त, खूर बिघडलेले, रक्त कमी झालेले घोडे आढळले होते. मी तुझा तबेला पाहिलेला नाही. पण आबाजी राणीचं खोगीर लागलेलं दिसलं तर दोन दिवस टांगा जुंपत नसत, आणि त्या दोन दिवसांत घरात चूल कशी पेटायची हे मला आठवतं. टांगेवाल्याला जे जमलं ते कारखान्याला जमलं पाहिजे. किती दिवसांनी किती रक्त काढायचं याचे नियम आहेत, ते पाळले जातात का हे दाखवायला दार उघडं ठेवावं. तुझ्याऐवजी प्रयोगशाळेत प्रतिपिंडं बनवायचे प्रयत्न जगात चालू आहेत. ते लवकर साधोत आणि तुझी मान मोकळी होवो, असं मला मनापासून वाटतं. तोवर आमचा भार तुझ्यावरच आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं साधारण 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000. बहुतेक खेड्यांतली, निम्मी पावसाळ्यात. शेतकरी सर्पदंशानं गेला तर सरकार घरच्यांना दोन लाख देतं. ते द्यावंच. पण तो जाऊ नये म्हणून लागतात त्या बाटल्या, आणि त्या गावापासून तासाभराच्या आत असाव्या लागतात. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं आराखडा जाहीर केला, 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून.

भाऊ आता बरा आहे. रात्रीची पाळी आली की गमबूट घालतो आणि काठी आपटत चालतो. माय मांत्रिकाचं नाव काढत नाही. मी मृग लागायच्या आत आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात गेलो. भुकटीच्या बाटल्यांना फ्रीजच लागतो असं नाही, थंड जागेतलं कपाटही चालतं, त्यामुळे ती सबब नको म्हणून आधीच वाचून गेलो होतो. तिथल्या माणसानं चांगुलपणानं कपाट उघडून दाखवलं. मी प्रत्येक बाटलीवरची मुदत वाचली. बाटल्या बारा होत्या. एका माणसाच्या पहिल्या डोसापुरत्या. तिथेच बसून अर्ज लिहिला, पोच घेतली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा मोजायला जाणार आहे.

तुझा,
राणीच्या घरचा